वहीतला तिसरा रकाना



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या सरांनी मला सातवीत विज्ञान शिकवलं. वर्गात आले की ते एखादी वस्तू टेबलावर ठेवायचे. कधी खडू, कधी कपबशी, कधी सायकलची चेन. मग एकच प्रश्न : हे कुठून आलं? कुणी म्हणालं, ‘दुकानातून’, की ते विचारायचे, ‘बरं, आणि दुकानात कुठून?’ तास संपायचा, प्रश्न तसाच राहायचा. आज त्यांच्याच रीतीने मी तीन वस्तू आणल्या आहेत. एक लोखंडी तवा, एक दगड आणि एक जुनी वही.

दगड आधी हातात घेऊन बघा. मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या. मोसंबीएवढा आहे, पण उचलताना मनगट खाली जातं. वजन एक किलो. रंग काळपट करडा. पण पांढऱ्या फरशीवर घासला की गेरूसारखी लाल रेघ उठते. हे दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतलं हेमॅटाइट आहे, म्हणजे लोखंडाचं खनिज. माझे बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होते. एका सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर खाण बघायला गेले आणि येताना हा दगड पिशवीत घालून आणला. रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई तो रद्दीच्या गठ्ठ्यावर दाब म्हणून ठेवायची. आमचं अख्खं गाव ज्याच्या जिवावर उभं आहे, तो दगड घरात चाळीस वर्षं रद्दी दाबून बसला होता.

वही आईची. जमाखर्चाची. डावीकडे वस्तू, उजवीकडे रुपये-पैसे. दूध, तांदूळ, रॉकेल, शेगडीसाठी कोळसा एक पोतं, साबण, लाइट बिल. आई गेल्यावर ही वही चाळताना मला सरांचा प्रश्न आठवला, आणि मी रिकाम्या जागेत पेन्सिलीने तिसरा रकाना आखला. वर लिहिलं : कुठून. गेली काही वर्षं मी तो भरतो आहे. आधी आईच्या नोंदींपुढे, मग आमच्या आजच्या घरखर्चापुढे. आजचं व्याख्यान म्हणजे त्या रकान्याचं वाचन आहे.

जगात या कामाला आता शास्त्राचं रूप आलं आहे. १९९० च्या दशकात मॅथिस वॅकरनागेल आणि विल्यम रीस यांनी माणसाच्या राहणीमागे किती जमीन लागते ते मोजण्याची पद्धत बसवली. जर्मनीत फ्रीडरिश श्मिट-ब्लेक यांनी प्रत्येक वस्तूच्या पाठीवरचं न दिसणारं ओझं किलोत मांडलं. नेदरलँड्सच्या आर्यन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये वस्तूमागच्या पाण्याचा हिशेब पुढे आणला. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार १९७० साली जग वर्षाला ३० अब्ज टनांच्या आसपास माल पृथ्वीतून काढत होतं – खनिज, वाळू, इंधन, पीक, लाकूड सगळं धरून. आज तो आकडा शंभर अब्जांच्या पुढे गेला आहे. माणशी वर्षाला बारा-तेरा टन. हे काम मोलाचं आहे, मी त्यांचा ऋणी आहे. पण त्या आकड्याला पत्ता नाही. बारा टन कुणाच्या रानातून, कुणाच्या गावाखालून, कुणाच्या हातून आले, हे सरासरी सांगत नाही. भिलाईत राहणाऱ्या माणसाला तो पत्ता लिहिता येतो, कारण त्यातले कितीतरी टन आपल्या डोळ्यांदेखत रेल्वेच्या वाघिणींतून येतात.

आता तवा. बाबांच्या ओळखीच्या लोहाराने प्लेटच्या तुकड्यातून घडवून दिलेला. वजन दोन किलो. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करायला ढोबळमानाने दीड टन खनिज, पाऊण टनाहून थोडा जास्त दगडी कोळसा आणि पाव टनाच्या वर चुनखडी लागते. म्हणजे या तव्यामागे असे तीन दगड, दीड किलोच्या वर कोळसा आणि मूठभर चुनखडी. साधारण पाच किलो खडक जळून, वितळून दोन किलोचा तवा झाला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं : खनिज – दल्ली-राजहरा, इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर दक्षिणेला. चुनखडी – नंदिनी, इथून वीसेक किलोमीटर उत्तरेला. डोलोमाइट – बिलासपूरकडचं हिर्री. कोळसा – झरिया. आणि आजचा तवा असेल तर बराचसा ऑस्ट्रेलिया, विशाखापट्टणमच्या बंदरावर उतरून रेल्वेने आलेला.

या शेवटच्या ओळीपाशी मी बराच काळ थांबलो. लोखंड घरचं आणि आग परदेशातली, असं का? याचं उत्तर एका जुन्या हकिकतीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी चांद्याकडचं खनिज नाकारून नागपुरात आले होते. कमिशनर साहेब भेटेपर्यंत वेळ काढायला ते संग्रहालयात शिरले. तिथे मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि दुर्गच्या भागावर लोखंडाची खूण दाट रंगात भरलेली होती. ते भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड यांच्यासह दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पोचले. खनिज अव्वल दर्जाचं निघालं. पण जवळ योग्य कोळसा नाही आणि पुरेसं पाणी नाही, म्हणून टाटा मयूरभंजकडे वळले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. अर्ध्या शतकाने, २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. टाटांना नडलेल्या दोन्ही अडचणी तशाच होत्या. कोळसा आपण लांबून आणायचं ठरवलं, आणि पाणी दुसऱ्यांच्या वाट्याचं घेतलं. पाण्याकडे मी येतोच.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला चकित करून गेली. पोलादाच्या गावात राहून आम्ही समजत होतो की घरातलं सगळं स्टील ‘आपलं’. आईच्या स्वयंपाकघरातले डबे, ताटं, पातेली यांच्यात भिलाई नाही. ते स्टेनलेस स्टील. त्यात क्रोमियम लागतं, आणि देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून निघतं. त्या खोऱ्यात पाण्यात उतरणारं षट्संयुजी क्रोमियम माणसाला घातक आहे, आणि २००७ साली जगातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या एका यादीत सुकिंदाचं नाव आलं होतं. ज्या डब्यात आई शंकरपाळी भरून ठेवायची त्याच्यापुढे मला ‘सुकिंदा’ लिहावं लागलं. भिलाई आहे ती छतातल्या सळयांत, आणि दुर्ग स्टेशनावर गाडी हलली की चाकाखाली.

आता विजेकडे या. इथे हिशेब उलटतो.

आमचं घर चार माणसांचं. दिवसाला सहा युनिट वीज. एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा, म्हणजे रोज चार किलोच्या वर. वर्षाला दीड टन. आपल्याकडच्या कोळशात राख फार, जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणून त्याची वर्षाला अर्धा टन राख. आता आमचं लोखंडी कपाट घ्या. बाबांनी बोनसच्या पैशांतून घेतलेलं, नव्वद किलोचं, उचलायला चार माणसं लागली होती. त्याच्यामागे सव्वादोनशे-अडीचशे किलो खडक आणि कोळसा. तेवढंच वजन आमचे पंखे, फ्रिज आणि दिवे मिळून आठ आठवड्यांत जाळतात. कपाट अजून उभं आहे. ते उद्या भंगारात गेलं तरी रायपूरजवळच्या उरला किंवा सिलतऱ्याच्या एखाद्या भट्टीत वितळून सळई होईल. आठ आठवड्यांच्या विजेची मात्र राख उरते.

जे डोळ्यांना जड दिसतं ते हिशेबात हलकं निघालं, आणि ज्याला वजनच नाही असं वाटतं ते सर्वांत जड. बटण दाबताना हाताला काही लागत नाही ना, म्हणून. मुलांना मी हे सांगतो तेव्हा बादलीत चार किलो कोळसा भरून दाखवतो. रोज सकाळी ही बादली दारात आली असती आणि संध्याकाळी दीड किलो राख अंगणात टाकावी लागली असती, तर आपण पंखा बंद करायला विसरलो नसतो. आईच्या काळी कोळशाचं पोतं दारात येत होतं. राख आपल्याच हातांनी काढावी लागे, आणि तिच्याने भांडी घासली जात. राख आता आपल्या अंगणातून, जिथे आपली वीज तयार होते त्या कोरब्याच्या अंगणात गेली आहे. तिथे तिच्यासाठी बांध घालावे लागतात. लोक त्याला राखड बांध म्हणतात. उन्हाळ्यात वारा सुटला की तिथल्या वस्त्यांमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते. आणि कोळशाची भूक उत्तरेला हसदेव अरण्यापर्यंत पोचली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथले आदिवासी खाणींना विरोध करत तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आले होते. पायी. माझ्या तिसऱ्या रकान्यातलं नाव चालत माझ्या राजधानीत आलं, आणि मी ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं. याची मला लाज वाटते, ती मी इथे बोलून दाखवतो.

या हिशेबाला एक नीट चौकट मला वर्ध्याच्या माणसाने दिली. जे. सी. कुमारप्पा. शिक्षणाने हिशेबतपासनीस, नंतर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले, आणि मग मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम करणारे. १९३८-३९ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. सहाशेहून अधिक खेडी समितीने पाहिली. आजचं छत्तीसगढही तेव्हा त्याच प्रांतात होतं. कुमारप्पांनी निसर्गाच्या देण्याचे दोन भाग केले. एक साठ्याचं, कोळसा आणि खनिजासारखं, काढलं की कमी होणारं. दुसरं वाहतं, जे जपून वापरलं तर दरवर्षी नव्याने येतं. हिशेबाच्या भाषेत एक मुद्दल, दुसरं व्याज. त्यांचं टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक १९४५ चं, म्हणजे पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात यायच्या किती आधीचं. माझ्या आईला मुद्दल आणि व्याज चांगलं कळत होतं. पोस्टातल्या पैशांना ती कधी हात लावू देत नसे. कोळशाच्या पोत्याला मात्र ती खर्चातच लिहायची. आपण सगळे तेच करतो.

आता पाणी. रुआबांधा या नावातच ते आहे. छत्तीसगढीत बंधवा म्हणजे बांध घालून केलेलं तळं. रुआबांधा, मरोदा, रिसाली ही सेक्टरांची नावं होण्याआधी गावांची नावं होती, आणि आजही सेक्टरला लागून बस्ती आहे. सरकारी नकाशावर सेक्टर आखला गेला तेव्हा खाली धानाची शेतं होती. म्हणून माझ्या वहीत पहिली नोंद तांदळाची किंवा दुधाची नाही. पहिली नोंद मी जमिनीची केली : क्वार्टर, अंगण आणि समोरचा रस्ता – कुणाच्या तरी धानाच्या बांधीतून.

नळाचं पाणी मरोद्याच्या जलाशयातून येतं, आणि तिथे ते कालव्याने येतं मुख्यतः तांदुळा जलाशयातून. तांदुळा नदी आणि सुखा नाला यांच्या संगमावर, बालोदजवळ, १९२१ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण. दुष्काळांनी पोळलेल्या या मुलखात ते धानाच्या सिंचनासाठी बांधलं होतं. पुढे कारखाना आला, नगर आलं, आणि त्याच पाण्यात वाटेकरी वाढले. चार माणसांच्या घराला शहरी मापाने दिवसाला पाचशे-साडेपाचशे लिटर लागतात. ते मीटरवर दिसतात. पण दिवसाला किलोभर तांदूळ आमच्या घरात शिजतो, आणि जागतिक सरासरीने एक किलो तांदळामागे अडीच हजार लिटर पाणी असतं. नळाच्या साडेचार पट पाणी आम्ही ताटातून घेतो.

इथे मला त्या जागतिक सरासरीशी भांडायचं आहे, कारण छत्तीसगढच्या शेतकऱ्यावर ती अन्याय करते. इथला खरिपाचा धान बहुतांशी आभाळातून पडलेलं पाणी पितो. शेतकरी बांधीच्या धुऱ्या बांधून ते अडवतो, साचलेल्या पाण्यात उभ्या धानात नांगर घालून बियासी करतो, आणि त्यातलं कितीतरी पाणी जमिनीत मुरून आपल्याच विहिरींना येतं. हे व्याजावरचं पीक आहे. तोच धान फेब्रुवारीत बोअरवेलच्या पाण्यावर उभा असेल तर ती मुद्दलाची उचल. तांदूळ तोच, लिटरही तेवढेच. पण वहीत ते एका रकान्यात बसत नाहीत. म्हणून तांदूळ घेताना मी आता विचारतो, खरिपाचा की उन्हाळी? दुकानदार सुरुवातीला बघत राहायचा. आता पोत्याकडे बोट दाखवून सांगतो. आणि खरिपाच्या धानातही मुद्दल शिरलेलं आहेच. युरियाला वायू लागतो, पोटॅश तर देशात निघतच नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस अशा देशांतून येतं. दुबराजच्या भाताच्या मुदीपुढे मला कॅनडा लिहावा लागेल, असं आईला सांगितलं असतं तर तिने वही काढून घेतली असती.

पाणी कुणाचं, हा प्रश्न याच जिल्ह्यात किती टोकाला गेला ते तुम्हाला आठवत असेल. १९९८ मध्ये बोरईच्या औद्योगिक वसाहतीला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा तेवीस-एक किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हाती २२ वर्षांच्या कराराने गेला. काठावरच्या गावांना आपल्याच नदीत जाळं टाकायची, मोटर लावायची अडचण झाली. देशभर त्यावर बोललं गेलं. नदी हीसुद्धा कुणाच्या तरी वहीत जमेच्या बाजूला लिहिता येते, हे आपण इतक्या जवळून पाहिलेलं आहे.

मराठी माणसाने या मातीत राहून हे वजन फार आधी ओळखलं होतं. माधवराव सप्रे घरात मराठी बोलणारे, आणि १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्यात १९०१ मध्ये त्यांची टोपलीभर मातीची गोष्ट आली. जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी त्याच जमिनीतली टोपलीभर माती मागते आणि म्हणते, जरा हात लावून डोक्यावर ठेवून द्या. त्याला टोपली उचलत नाही. मग ही अख्खी जमीन तुम्ही कशी पेलणार, असं ती त्याला विचारते. आम्ही ती शाळेत हिंदीचा धडा म्हणून वाचली. या वयात मला ती वजनमापाची गोष्ट वाटते. वस्तूमागचं ओझं ज्याने ती घेतली त्याच्याच डोक्यावर एकदा ठेवून बघायचं, एवढंच त्या बाईने केलं.

ओझ्यात माणसंही येतात. दल्लीचं खनिज कित्येक वर्षं मजुरांनी, आणि त्यात कितीतरी बायकांनी, घणाने फोडून टोपल्यांनी ट्रकवर भरलं. बाबांच्या पिशवीतल्या दगडाला या कडेला जो फुटलेला भाग दिसतो, तो बघा. धार अजून हाताला लागते. २ आणि ३ जून १९७७ रोजी दल्ली-राजहऱ्यात गोळीबारात अकरा मजूर मारले गेले. आई त्या आठवड्यात नेहमीसारखी वही लिहीत असणार. खाणमजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने, त्याच मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून, १९८३ मध्ये त्या अकरा जणांच्या स्मरणार्थ शहीद रुग्णालय उभं केलं. ते आजही चालू आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची हत्या झाली ती आपल्या भिलाईत, झोपेत. टनांच्या कुठल्याही तक्त्यात याला जागा नाही. म्हणून तिसरा रकाना मला आकड्यांचा ठेवायचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, एका घराने पंखा बंद केला म्हणून कोरब्याची राख थांबणार आहे का? नाही थांबणार. भारतात माणशी वर्षाला शंभर किलोच्या आसपास पोलाद वापरलं जातं. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ज्या घरावर अजून पक्कं छत नाही त्याला सळई मिळाली पाहिजे, आणि ती इथूनच जायला हवी. भिलाईच्या रुळांवरून मजूरही प्रवास करतो आणि मंत्रीही. त्या रुळातला माझा वाटा कसा काढायचा, यावर मी अनेक संध्याकाळी घालवल्या, आणि शेवटी तो वाटून घ्यायचा नाही असं ठरवलं. काही गोष्टी गावाच्या खात्यात राहू द्याव्यात. पण मग गावालाही खातं हवं. महापालिकेने पाणीपट्टीच्या बिलावर तांदुळ्याची त्या महिन्याची पातळी छापावी. वीज बिलावर युनिटांच्या शेजारी किलोत कोळसा आणि राख छापावी. ही माहिती कुठे ना कुठे नोंदलेली असतेच. ती आपल्या दारात यावी, एवढं मागणं आजच्या सभेतून जावं अशी माझी इच्छा आहे, आणि अध्यक्षांची परवानगी असेल तर मागे टेबलावर तसा अर्ज ठेवला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी हा दगड घेऊन सकाळच्या गाडीने दल्लीला गेलो. बाबांनी तो जिथून उचलला ती जागा बघायची होती. त्यांच्याबरोबर गेलेले एक काका अजून आहेत. त्यांनी खुणा सांगितल्या होत्या : चढ, वळण, वर सागाची झाडं. चढ नव्हता. जिथे वर बघायला हवं होतं तिथे खाली बघावं लागलं. लाल पायऱ्या एकीखाली एक उतरत गेलेल्या, आणि तळाशी खेळण्यातल्यासारखे दिसणारे डंपर. दल्ली-राजहऱ्याचे साठे सरत आले आहेत हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दल्लीच्या पुढे रावघाटकडे लोहमार्ग जातो आहे. अंतागढच्याही पुढे प्रवासी गाडी धावू लागली आहे, आणि रावघाट परिसरातलं खनिज २०२२ पासून भिलाईच्या वाटेला लागलं आहे. तिथल्या लोकांचा राजाराव देव त्याच डोंगरावर आहे.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. तव्यापुढे ‘दल्ली-राजहरा’ लिहिलेलं होतं. तवा जुना आहे, त्याचा पत्ता तोच राहील. पण मुलीने नुकताच फ्लॅट घेतला आहे, स्लॅब पुढच्या महिन्यात पडेल. तिच्या सळयांसाठी नवी ओळ घातली, आणि तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीने ‘रावघाट’ लिहिलं.